पानिपत, संक्रांत आणि कादंबरी

मंडळी, आपल्या समुद्रपूरकडे कपाशीचा भाव कोसळला तरी माणूस म्हणून जातो, "यंदा पानिपतच झालं!" गंमत बघा, 1761 मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता, आणि भोसल्यांची फौज त्या लढाईत नव्हती. तरी शब्द इथवर पोचलाच.

तो पोचवला कोणी? इतिहासाच्या पुस्तकांपेक्षा गोष्टींनी. पण गोष्टींनाही आधार लागतो. काशीराज पंडित हा शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. त्याने लढाई शत्रूच्या गोटातून पाहिली आणि नंतर फारसीत लिहून ठेवली. तहाची बोलणी, छावणीची उपासमार, लढाईनंतर भाऊसाहेबांच्या देहाचा शोध, सगळं त्यात आहे. जो देह सापडला त्याला शीर नव्हतं. त्या एका तपशिलातून संशय उरला, आणि संशयातून तोतया उभा राहिला! 1776 मध्ये त्याला देहदंड झाला. पुढे न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं. म्हणजे कल्पना आकाशातून पडली नाही, नोंदीतल्या रिकाम्या जागेत उगवली.

विश्वास पाटलांची 'पानिपत' 1988 मध्ये आली. त्याआधी त्र्यं. शं. शेजवलकरांनी कागदपत्रं तपासून आणि रणभूमी पायाखाली घालून भाऊंची बाजू मांडली होती. बखरीतला हट्टी भाऊ आणि कादंबरीतला भाऊ यांच्यामध्ये ते संशोधन उभं आहे.

आता एक खटकणारी गोष्ट. 'ऐन संक्रांतीला संक्रांत कोसळली' असं आपण सर्रास म्हणतो. लढाई 14 जानेवारीची, हे खरं. पण संक्रांतीची तारीख सावकाश पुढे सरकत असते. विवेकानंद जन्मले ती 1863 ची संक्रांत 12 जानेवारीला होती. म्हणजे त्याच्या शंभर वर्षं आधी ती आणखी अलीकडे, लढाईपूर्वीच येऊन गेलेली! वाक्य सुंदर आहे, पण खरं नाही.

मग कादंबरीकाराला सूट किती? मला वाटतं, जिथे नोंद आहे तिथे तिला धक्का लावू नये. जिथे नोंद नाही तिथे मात्र त्याने जावंच. फौजेबरोबर बायका, मुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे हजारोंनी होते. अडीच महिने रसद तुटत गेली, तेव्हा सगळ्यात आधी उपाशी कोण राहिलं असेल? सरदारांची नावं कागदावर उरली, या माणसांची नाही. त्यांच्यासाठी कोणी तोतयाही उभा राहिला नाही. त्यांच्या घरी वाट पाहणाऱ्यांना निरोप तरी मिळाला असेल का?

तिथे इतिहासकार थांबतो, आणि थांबायलाच हवं. पुढची वाट कादंबरीची. फक्त वाचताना आपण लक्षात ठेवावं, की कुठून पुढे कादंबरी सुरू झाली.

असो. तुमच्या घरी 'पानिपत' शब्द कशाला वापरतात, जरूर कळवा.