वाघजाईचा थांबा

महाडकडून वरंधा घाट चढून आलं की वाघजाईच्या देवळापाशी गाडी थांबते. कोणी नारळ फोडतो, कोणी नुसता नमस्कार करतो, मग टपरीवरची कांदाभजी आणि चहा. चाळीस वर्षं मी हे बघतोय. फरक पडला तो एवढाच, की पूर्वी ड्रायव्हर खाली उतरायचा तेव्हा इंजिन चालू असायचं आणि आता बंद असतं. भोरात माझ्या टेबलावर जे टर्बो मरून येतात, त्यातल्या बऱ्याच जणांचं मरण मी या फरकाच्या खाती मांडतो.

1983 साली मी काकांच्या गॅरेजात पाने पुसायला लागलो. तेव्हा घाटात चालायच्या त्या टाटाच्या 1210. टाटांच्या टेल्को कंपनीने 1954 मध्ये डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपुरात ट्रक काढायला सुरुवात केली. करार 1969 ला संपला, पण आमच्याकडचे म्हातारे ड्रायव्हर पुढेही कितीतरी वर्षं गाडीला ‘मर्सिडीज’च म्हणत. त्या इंजिनाला टर्बो नव्हता. हवा आपोआप जेवढी आत जाईल तेवढीच. भरलेली गाडी माझेरीच्या पुढे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत यायची आणि वाघजाईला पोचेपर्यंत रेडिएटर कढ आल्यासारखा उकळायचा. क्लीनर पत्र्याचा डबा घेऊन पाण्याकडे पळायचा. आता तापलेलं इंजिन बंद करून वर गार पाणी ओतलं तर हेड तडकतं, म्हणून इंजिन चालू ठेवून थोडं थोडं पाणी घालायचं. शिवाय बॅटऱ्यांचा भरवसा नव्हता. घाटमाथ्यावर गाडी बंद केली आणि सेल्फ फिरलाच नाही, तर धक्का मारायला माणसं कुठून आणणार? म्हणून देवीला हात जोडून, भजी खाऊन, विडी ओढून होईस्तोवर इंजिन आपलं घुमत राहायचं. कोणी ते शिकवलं नव्हतं. तशी वहिवाट होती.

त्या काळी आमच्या धंद्यात टाकून द्यायचं असं फारसं काही नव्हतं. क्रँक ग्राइंड करायचा, ब्लॉकला स्लीव्ह ठोकायची, व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवायचे. काका म्हणायचे, लोखंड कधी मरत नाही, त्याचा मालक कंटाळतो.

मग टर्बो आला. 1993 साली टाटा आणि कमिन्स यांची कंपनी निघाली आणि पुढे 1613 सारख्या गाड्यांत त्यांचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन दिसायला लागलं. त्यानंतर धुराचे नियम कडक होत गेले. भारत स्टेज तीन 2010 मध्ये देशभर लागू झालं, चार 2017 ला, सहा 2020 ला. ट्रकपुरता असलेला टर्बो तोवर वडापच्या जीपपासून दुधाच्या पिकअपपर्यंत सगळीकडे जाऊन बसला होता. वेल्ह्याच्या, म्हणजे आता ज्याला राजगड तालुका म्हणतात तिथल्या, पाबे घाटात पिकअप तिसऱ्या गिअरवर चढायला लागली तेव्हा लोकांना नवल वाटलं होतं.

युक्ती तशी जुनी. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने 1905 मध्ये तिचं पेटंट घेतलं. सायलेन्सरवाटे फुकट जाणाऱ्या तापल्या धुरावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेल्या पंख्याने इंजिनात जास्त हवा कोंबायची. 1925 साली जहाजाच्या डिझेल इंजिनाची ताकद या युक्तीने 1750 वरून 2500 अश्वशक्तीवर गेली. मला मात्र जवळचा वाटतो तो अमेरिकेतला सॅनफोर्ड मॉस. त्याने 1918 मध्ये विमानाचं इंजिन पाइक्स पीक या डोंगरावर, चौदा हजार फुटांवर नेलं आणि विरळ हवेत टर्बो लावून चालवून दाखवलं. म्हणजे हा गडीही घाट चढूनच शिकला!

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. एवढ्या वेगाला बॉल बेअरिंग सहसा वापरत नाहीत. पितळी रंगाचा एक बारीक बुश असतो आणि तो दांड्याभोवती तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. हे तेल इंजिनाचा पंप पुरवतो. चढ संपल्या संपल्या किल्ली फिरवली की पंप थांबतो, दांडा मात्र अजून फिरत असतो आणि धुराकडची बाजू लालबुंद तापलेली असते. आत अडकलेलं तेल तिथेच करपतं. टपरीवरच्या भज्यांच्या कढईला काठाने काळी, चिवट, नखाने न निघणारी पुटं चढलेली असतात ना, तीच पुटं मी बुशवर आणि तेलाच्या नळीत बघतो. नळी रोज थोडी थोडी अरुंद होत जाते. वर्ष-दीड वर्षाने ड्रायव्हर येतो, “मिस्त्री, गाडी सायरन मारतीय आणि निळा धूर सोडतीय.”

रेडिएटर आता उकळत नाहीत, सेल्फ अर्ध्या फेऱ्यात लागतो, डिझेल महाग झालंय. इंजिन चालू ठेवायची जुनी कारणं गेली आणि नेमकी तेव्हाच त्याची खरी गरज निर्माण झाली.

अर्थात ‘टर्बो गेला’ म्हणून आलेली प्रत्येक गाडी टर्बोची नसते. गेल्या दिवाळीनंतर वेल्ह्याकडची एक पिकअप आली. ओढत नाही, टर्बोच्या होजमध्ये तेल. नवा टर्बो घ्यायला मालक पैसे खिशात घालूनच आला होता. मी होज काढला, पंख्याचा नट दोन बोटांत धरला. आडवं किंचित हललं. तेवढं हलायलाच हवं, ती तेलाची जागा. पुढे-मागे ओढून पाहिलं, काही नाही. पाती बाहेरच्या कवचाला, म्हणजे हाऊसिंगला, घासल्याची चकाकी नव्हती. मग एअर फिल्टर उघडला तर आत भाताचा भुसा ठासून भरलेला. सुगीभर पेंढा वाहिला होता. पंख्याला हवा मिळेना म्हणून तो सीलमधून तेल ओढत होता. फिल्टर बदलला, होज पुसले, गाडी गेली. त्या दिवशी मजुरी फारशी झाली नाही, पण जेवण गोड लागलं.

दांडा पुढे-मागे हलला किंवा पाती घासली असली, तर मात्र टर्बो खोलायलाच लागतो. इथे माझी एक जुनी चूक सांगतो. टर्बो नवीन नवीन होते तेव्हा मी काकांच्या रीतीने एकाचा बुश बदलला, सील घातलं, दांडा पॉलिश केला आणि नट आवळून बसवून दिला. बॅलन्सिंग केलं नाही. लाख फेऱ्यांना गहूभर वजनही घणासारखं बसतं, हे मला माहीत नव्हतं. पंधराव्या दिवशी घाटात दांडा तुटला आणि पंख्याचे तुकडे इंटरकूलरपर्यंत गेले. गाडी टोचण करून आणली, खर्च मी सोसला. हाताने दुरुस्त न होणारं लोखंड त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं.

तेव्हापासून हिशेब असा. दोन्ही हाऊसिंग शाबूत असतील तर मधला भाग, ज्याला आम्ही कार्ट्रिज म्हणतो, तो बॅलन्स केलेला तयार आणायचा आणि जुन्या हाऊसिंगमध्ये बसवायचा. नव्या टर्बोपेक्षा बरंच स्वस्त पडतं. धुराकडच्या हाऊसिंगला तडा असेल, किंवा नव्या गाड्यांतल्या हलत्या पात्या काजळीने जाम होऊन झिजल्या असतील, तर पुरा बदलायचा. त्यांची मोटर स्कॅनर लावून जुळवावी लागते, तिथे अंदाज चालत नाही. पण दोन्हीच्या आधी जुना का मेला ते शोधायचं. तेलाची नळी साफ करून परत लावणारे मिस्त्री आहेत. मी नवीच घालतो.

आता टेबलावर महाड-भोर करणाऱ्या एका टेम्पोचा टर्बो उघडा पडलाय. बुश काळा, नळीत काडी जाईल एवढंच भोक, हाऊसिंग मात्र ठणठणीत. कार्ट्रिज पुण्याहून नाना पेठेतून मागवलंय. बसवताना आधी कुपीने त्यात तेल सोडीन, डिझेल तोडून चार वेळा सेल्फ मारीन आणि मगच स्टार्ट करीन. ड्रायव्हर पोरगा चोविसातला आहे. त्याला सांगितलंय, वाघजाईला गाडी लावलीस की तशीच चालू ठेव, देवळात जाऊन ये, मग किल्ली काढ. तो म्हणाला, “काका, आणि पावसाळ्यात घाट बंद असला तर?” मी म्हटलं, मग ताम्हिणीने ये, तिथेही चढ संपल्यावर मिनिटभर थांब.

गाडी बुधवारी द्यायचीय.