संप्रेरक-मापनाचा इतिहास आणि दूरस्थ रुग्ण : विशेष संदर्भ किनवट

प्रस्तावना :
वैद्यकशास्त्राचा इतिहास बहुधा शोध व शोधकर्ते यांच्या अंगाने लिहिला जातो. तथापि, चाचणीसाठी प्रवास रुग्णाने करावयाचा की त्याच्या रक्तनमुन्याने, हा प्रश्न नांदेड जिल्ह्यातील किनवटसारख्या डोंगराळ, आदिवासी वस्तीच्या तालुक्यासाठी तितकाच महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात संप्रेरके व शरीरातील द्रवसंतुलन यांच्या चाचण्यांचा याच दृष्टीने मागोवा घेतला आहे.

अवटुग्रंथीची तपासणी :
४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे 'अप्सरा' अणुभट्टी कार्यान्वित झाली. पुढे १९६३ मध्ये अणुऊर्जा विभागाचे रेडिएशन मेडिसिन सेंटर मुंबईत परळ येथे सुरू झाले. त्या काळी अवटुग्रंथीचे, म्हणजेच थायरॉईडचे, कार्य तपासताना रुग्णास किरणोत्सर्गी आयोडीनची अल्प मात्रा देऊन ग्रंथीने ती किती शोषली हे मोजले जाई. साहजिकच रुग्णाने यंत्रापुढे हजर राहणे अनिवार्य होते.

न्यूयॉर्क येथील रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी १९५९-६० मध्ये मांडलेल्या 'रेडिओइम्युनोॲसे' पद्धतीने ही अट शिथिल केली. रक्तातील संप्रेरक व किरणोत्सर्गी खूण केलेले संप्रेरक मर्यादित प्रतिपिंडांसाठी स्पर्धा करतात. खुणेचे संप्रेरक जितके कमी बांधले जाते, तितके रक्तातील प्रमाण अधिक. किरणोत्सर्ग परीक्षानळीपुरताच राहतो आणि रुग्णाऐवजी रक्तद्रव प्रवास करू शकतो. बर्सन १९७२ मध्ये निवर्तले. यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात १९८९ मध्ये स्थापन झालेल्या 'ब्रिट' या संस्थेने अशा चाचणीसंचांचा पुरवठा केला. तत्पूर्वी १९८८ मध्ये नांदेड येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले होते.

द्रवसंतुलनाची तपासणी :
सर्वच चाचण्यांना मात्र हा न्याय लागू होत नाही. रक्तातील सोडियम पूर्वी ज्वाला-प्रकाशमापकाने व पुढे आयन-निवडक विद्युदग्राने मोजता येऊ लागले. परंतु मूत्रपिंडात पाणी राखून ठेवणारे वॅसोप्रेसिन रक्तनमुन्यात फार काळ टिकत नाही. अतितहान व अतिमूत्रता यांचे निदान करताना रुग्णास काही तास पाण्याविना देखरेखीखाली ठेवून वजन, रक्त व लघवी वारंवार तपासावी लागते. वॅसोप्रेसिनबरोबरच स्रवणारे कोपेप्टिन नमुन्यात अधिक स्थिर असते. त्याच्या मापनाने निदान अधिक अचूक होते, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसून आले. तथापि, त्या चाचणीतही क्षारद्रावण देताना सोडियमवर सतत लक्ष ठेवावे लागते. म्हणजेच रुग्णालय आवश्यकच.

निष्कर्ष :
नमुना पाठवून होणाऱ्या चाचण्यांनी अंतर कमी केले. देखरेखीच्या चाचण्यांनी ते कायम ठेवले. म्हणून किनवटसारख्या ठिकाणी केवळ नमुना-संकलनाची सोय पुरेशी नाही. सोडियमचे तत्काळ मापन व प्रशिक्षित देखरेख स्थानिक पातळीवर असणे, ही या इतिहासातून पुढे येणारी गरज आहे.