कवटीची पाटी, किटकॅट आणि अर्थिंगचा खड्डा

मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला, त्याच वर्षी भारतीय विद्युत नियमही तयार झाले आणि बीड जिल्ह्यात वीज जसजशी पसरत गेली, तसतशी ती या नियमांची चौकट बरोबर घेऊनच आली. त्यांतील गावकऱ्याच्या रोज नजरेस पडणारा नियम धोक्याच्या पाटीचा होता. उच्चदाबाच्या ठिकाणी कवटी व हाडांचे चिन्ह असलेली, हिंदी किंवा इंग्रजीच्या जोडीला स्थानिक भाषेतही मजकूर असलेली पाटी लावणे बंधनकारक होते, आणि निरक्षरालाही समजेल अशा मोजक्या सरकारी सूचनांपैकी ती एक म्हणावी लागेल.

परळी वैजनाथ येथील औष्णिक केंद्राचा ३० मेगावॉटचा संच १९७१ मध्ये आणि २१० मेगावॉटचा संच १९८० मध्ये सुरू झाला, तेव्हा वीज हाताळण्याची शिस्त जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर रुजली. या शिस्तीचा गाभा म्हणजे ‘लाइन क्लिअर’, अर्थात वाहिनी बंद केल्याची लेखी परवानगी हाती पडेपर्यंत आणि वाहिनीला अर्थ रॉड लावून तीत उरलेला भार जमिनीत उतरवेपर्यंत तारेला हात न लावण्याचा दंडक. वीजकेंद्रांत आणि कारखान्यांत शॉक बसलेल्या माणसावर करावयाच्या उपचारांचा तक्ता ठळक जागी लावणेही १९५६ च्या नियमांनीच सक्तीचे केले होते.

लहान दुकानात आणि पिठाच्या गिरणीत मात्र सुरक्षेचा सारा भार किटकॅटवर, म्हणजे चिनी मातीच्या फ्यूजवर होता. ज्यादा प्रवाह वाहताच त्यातली बारीक तार वितळून परिपथ तोडते, पण वारंवार फ्यूज उडू लागला की तिच्या जागी जाड तांब्याची तार गुंडाळली जाई आणि मग फ्यूजऐवजी भिंतीतली वायरच जळे. एमसीबीने, म्हणजे आपोआप पडणाऱ्या खटक्याने, ही पळवाट बुजवली, तरी माणसाला वाचवणे हे त्याचे काम नव्हे. ६० वॉटचा दिवा सुमारे पाव अँपियर प्रवाह घेतो आणि त्याच्या आठव्या हिश्शाहून कमी प्रवाहही जिवावर बेतू शकतो, एवढी किरकोळ गळती एमसीबीच्या गावीही नसते. ती ओळखणारा ३० मिलिअँपियरचा गळतीरोधक नंतर बाजारात रुळला, परंतु केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनी २५० व्होल्टपर्यंतच्या, ५ किलोवॉटहून कमी भाराच्या जोडण्यांना त्यातून सूट दिल्याने खेड्यातली बहुतेक घरे सक्तीबाहेरच राहिली.

शेतात तर उपकरणांचा क्रम उलटाच दिसतो. मोबाइलवरून पंप चालू करणारा स्टार्टर शेतकरी हौसेने घेतो, पण गावकरी ज्याला सरसकट डीपी म्हणतात त्या रोहित्राचा, म्हणजे ११ हजार व्होल्टचा दाब ४३३ व्होल्टवर उतरवणाऱ्या यंत्राचा, फ्यूज तो स्वतःच्या हाताने बांधतो, अनेकदा रात्री आणि ओल्या पायांनी.

या सर्वांत स्वस्त साधन अर्थिंगचे, आणि बीडमध्ये तेच सर्वांत नाजूक आहे. मीठ आणि कोळसा भरलेल्या खड्ड्यातून गळतीचा प्रवाह जमिनीत जातो तो ओलाव्याच्या आधारे. बालाघाटच्या मुरमाड, कमी पावसाच्या पट्ट्यात माती वाळली की तिचा विरोध वाढतो आणि खड्डा असून नसल्यासारखा होतो. म्हणून उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहावे असे वायरमन सांगतो, परंतु नेमक्या त्याच दिवसांत आष्टी-पाटोद्याकडे पिण्याचे पाणी टँकरने येत असते.