मैत्रीभावनेची सामूहिक साधना : जबलपूर, नागपूर, पुणे

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली, तेव्हा जबलपूर आणि नागपूर ही एकाच राज्यातील शहरे होती. १ नोव्हेंबरच्या राज्यपुनर्रचनेने ती विलग झाली. मात्र ध्यानाच्या सामूहिक शिक्षणाचे दोन आधुनिक प्रवाह या जुन्या प्रांताशी निगडित आहेत आणि दोहोंची पुढची वाट पुण्याकडे गेली. जबलपुरात तत्त्वज्ञान शिकवणारे रजनीश १९६६ मध्ये अध्यापन सोडून व्याख्याने व ध्यानशिबिरे यांकडे पूर्णतः वळले आणि १९७४ मध्ये पुण्यात स्थिरावले. दुसरा प्रवाह इंग्लंडमध्ये जन्मलेले भिक्षू संघरक्षित यांचा. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाच्या दिवशी ते नागपुरात होते आणि तेथील शोकाकुल समुदायाला त्यांनी धीर दिला. त्यांचे शिष्य लोकमित्र १९७८ मध्ये पुण्यात राहावयास आले. १९७९ मध्ये त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाची स्थापना झाली.

दोन्हीकडे साधक एकत्र बसत. परंतु एकत्र बसण्याचा अर्थ भिन्न होता. रजनीशांच्या शिबिरात समुदायाचे केंद्र वक्ता होता आणि लक्ष्य साधकाचा आंतरिक अनुभव. सहायक गणाच्या वर्गांत आनापानसतीच्या जोडीला मैत्रीभावना शिकवली जाई. तिचा विषयच मुळी माणसामाणसांतील संबंध हा आहे. प्रथम स्वतः, मग मित्र, मग तटस्थ व्यक्ती, मग वैरी आणि अखेरीस सर्व प्राणिमात्र असा तिचा क्रम आहे. साधना मौनातच होते. पण कल्याणमित्रता, म्हणजे सहसाधकांशी जोपासलेला स्नेह, हा तिचा व्यवहारातील विस्तार मानला जातो.

हा क्रम पाचव्या शतकातील बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्गा’तून आला आहे. या ग्रंथाचे संपादन गोमंतकीय मराठी पंडित धर्मानंद कोसंबी यांनी केले होते. त्यामुळे सातासमुद्रापलीकडून आलेल्या शिक्षकांनी मराठी साधकांना परकी वस्तू दिली, असे म्हणता येत नाही. बाबासाहेबांनीही ‘रिडल्स इन हिंदुइझम’मध्ये बंधुता या शब्दापेक्षा मैत्री हा शब्द अधिक यथार्थ ठरवला होता, स्वातंत्र्य आणि समता यांचा आधार ते तीतच पाहत.

तथापि दलित वस्तीतील साधकासाठी चौथी पायरी बिकट असते. त्याच्या वैऱ्याला जातीचा आणि इतिहासाचा चेहरा असतो. अशा माणसाला वैऱ्याचे कल्याण चिंतावयास सांगणे म्हणजे त्याच्या संघर्षाची धार बोथट करणे नव्हे काय, हा आक्षेप गंभीर आहे.

त्याचे उत्तर बुद्धघोषांच्याच एका दृष्टान्तात सापडते. साधक, त्याचा मित्र, तटस्थ आणि वैरी असे चौघे बसले असता दरोडेखोर येऊन बळीसाठी एकाची मागणी करतात. साधकाने वैऱ्याकडे बोट दाखवले तर मैत्री अपुरी. पण ‘मलाच न्या’ असे म्हटले तरीही ती अपुरीच. चौघांपैकी कोणीही देण्याजोगा नाही असे ज्याला दिसते, त्याच्याच मनातील सीमा मोडलेल्या असतात. आत्मबलिदानालाही येथे स्थान नाही. वैऱ्याचा द्वेष सोडावयाचा, पण स्वतःचा बळी द्यावयाचा नाही, ही भूमिका शरणागतीची खासच नव्हे. साधनेचा आरंभ स्वतःपासून होतो, याचा अर्थही येथे उलगडतो : ज्याला पिढ्यान्‌पिढ्या तुच्छ लेखले गेले, त्याने स्वतःचे कल्याण चिंतणे हीच समतेची पहिली पायरी ठरते.