औषधाची चाचणी आणि थैलीचा धनी

औषधाची चाचणी कोणीं करावी, असें विचारलें तर कोणीहि सुशिक्षित गृहस्थ सांगेल कीं डॉक्टरांनीं. आणि कोणावर करावी, तर रोग्यावर. व्याकरणाच्या भाषेंत बोलावयाचें तर डॉक्टर हा कर्ता आणि रोगी हें कर्म. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंतील कांहीं रोग्यांनीं या वाक्याची रचनाच बदलली, त्याची हकीकत आम्हांस वाचकांपुढें मांडावयाची आहे. ती सांगतांना पैशाचा हिशेब मात्र वगळतां येणार नाहीं. कारण चाचणीचा खर्च जो सोसतो, तोच बहुधा चाचणीचा प्रश्नहि ठरवितो.

जून १९८३ मध्यें डेन्व्हर शहरीं भरलेल्या एका परिषदेंत एड्सनें ग्रासलेल्या कांहीं माणसांनीं आपला जाहीरनामा वाचून दाखविला. आम्हांस ‘बळी’ म्हणूं नका, आणि आमच्याविषयींचे निर्णय जेथें होतात तेथें प्रत्येक पायरीवर आम्हांस बसवा, हा त्याचा मथितार्थ. त्या वेळीं या मागणीचें कोणास फारसें महत्त्व वाटलें नाहीं.

तीन वर्षांनीं, १९८६ मध्यें, ए. झेड. टी. या औषधाची २८२ रोग्यांवर चाचणी झाली. एका गटास औषध, दुसऱ्यास तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. औषध घेणाऱ्यांत एक दगावला, दुसऱ्या गटांत १९ दगावले, आणि चाचणी मध्येंच थांबवावी लागली. पुढें असें उघडकीस आलें कीं कांहीं रोग्यांनीं आपल्या गोळ्या बाहेर तपासून घेतल्या होत्या, कांहींनीं खरें औषध आपसांत वाटून घेतलें होतें. याला अप्रामाणिकपणा म्हणणारे पुष्कळ निघाले. मरणाच्या दारांत उभ्या असलेल्या माणसाकडून शास्त्राची शिस्त मागावयाची, पण त्या शिस्तीचे नियम करतांना त्यास विचारावयाचें मात्र नाहीं, हा न्याय आम्हांस कांहीं पटत नाहीं.

परंतु आमच्या कथेचा गाभा निराळाच आहे. एड्सच्या रोग्यांचा प्राण बहुधा न्यूमोसिस्टिस नांवाच्या न्यूमोनियानें जात असे. हा न्यूमोनिया सल्फा जातीच्या एका जुन्या, स्वस्त गोळीनें आधींच टाळतां येतो, हें रक्ताच्या कर्करोगानें आजारी असलेल्या मुलांवरील अभ्यासावरून १९७७ मध्येंच छापून आलें होतें. १९८७ च्या मे महिन्यांत मायकेल कॅलन हा गायक, जो स्वतः एड्सचा रोगी होता, तो सांसर्गिक रोगांच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रमुख डॉ. फाउची यांस भेटला, आणि देशांतील डॉक्टरांस या प्रतिबंधाविषयीं सूचना द्या, अशी त्यानें विनंती केली. पुरेसा पुरावा नाहीं, असें उत्तर मिळालें. शास्त्राच्या दृष्टीनें उत्तर चुकीचें नव्हतें. पण पुरावा गोळा करण्याची घाईहि कोणास नव्हती. दुसऱ्या वर्षीं अमेरिकन काँग्रेसच्या एका समितीपुढें, आपण स्वतः रोगी असतां तर काय करतां, असें त्यांस विचारण्यांत आलें, तेव्हां आपण प्रतिबंधक उपाय घेऊं असेंच त्यांनीं सांगितलें.

कॅलन आणि डॉ. जोसेफ सॉनाबेंड यांनीं त्याच वर्षीं, म्हणजे १९८७ मध्यें, इतर सहकाऱ्यांसह न्यूयॉर्क येथें रोग्यांच्या सहभागाची एक संशोधनसंस्था काढली. चाचणीची नीति तपासणाऱ्या मंडळावरहि रोगी बसत. सॅन फ्रान्सिस्कोस साध्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांनीं असाच एक संघ उभारला. पेंटामिडीन हें औषध सूक्ष्म तुषारांच्या रूपानें श्वासावाटे घेतल्यास न्यूमोनिया टळतो काय, हें दोघांस पाहावयाचें होतें. सरकारी अनुदान मिळेना. पैका आला तो औषध विकणाऱ्या कंपनीकडून. सॅन फ्रान्सिस्कोच्या चाचणींत ४०८ रोगी होते. औषध नसलेला गट ठेवण्यास तेथील मंडळी राजी झाली नाहीं; त्यांनीं तीन वेगवेगळ्या मात्रा ताडून पाहिल्या, आणि चार आठवड्यांतून एकदां ३०० मिलिग्रॅम ही मात्रा सरस ठरली. जून १९८९ मध्यें सरकारनें औषधास मान्यता दिली, ती या चाचण्यांच्या आधारावर. हें काम गल्लींतल्या दवाखान्यांनीं पुरें केलें होतें! त्याच सालीं सरकारनें अशा दवाखान्यांच्या संशोधनासाठीं स्वतंत्र अनुदान-योजना सुरू केली.

येथवर कथा विजयाची आहे. पण त्याच कंपनीनें पेंटामिडीनची किंमत मध्यंतरीं चौपटीच्या घरांत नेली होती. आणि १९९२ मध्यें दोन्ही उपायांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हां तुषारांच्या औषधापेक्षां कॅलननें मागितलेली ती स्वस्त गोळीच अधिक गुणकारी ठरली. अंगावर पुरळ उठत असल्यामुळें पुष्कळांस ती सोसत नसे, हें खरें. तथापि महाग औषधास चाचणीचा धनी लौकर भेटला आणि स्वस्त गोळी मागें पडली, हें नाकारतां येत नाहीं. रोग्यांनीं चाचणीचे नियम बदलले, थैलीचे नियम त्यांच्या हातीं नव्हते. दरम्यानच्या वर्षांत हजारों माणसें याच न्यूमोनियानें गेलीं.

थैलीचा प्रश्न अमेरिकेनें निराळ्या रीतीनें हाताळला तो २०१० च्या कायद्यानें. विमा उतरविलेल्या माणसांच्या संख्येवर अल्पसा आकार बसवून त्या पैशांतून एक संशोधन-संस्था स्थापण्यांत आली, आणि तिच्या चाचण्यांत रोग्यांस सहकारी म्हणून घेण्याची अट घालण्यांत आली. तिनें उचललेला एक प्रश्न पाहा : हृदयविकाराच्या रोग्यानें रोज ॲस्पिरीन किती घ्यावें, ८१ मिलिग्रॅम कीं ३२५? ॲस्पिरीनवर कोणी श्रीमंत होत नाहीं, आणि इतक्या साध्या प्रश्नाचें नीट उत्तर बराच काळ मिळालें नव्हतें. १५,०७६ रोगी यांत सामील झाले. संमतिपत्राची भाषा ठरविण्यापासून रोगी-प्रतिनिधि कामांत होते. २०२१ मध्यें निकाल लागला : दोन्ही मात्रांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं.

मात्र मोठी मात्रा नेमून दिलेल्यांपैकीं शेंकडा ४० हून अधिक लोक चाचणी चालू असतांनाच आपण होऊन लहान मात्रेकडे वळले होते, आणि त्यामुळें हिशेब करणाऱ्यांची बरीच पंचाईत झाली.