फिंचलेच्या घरांतील आशियाई संगीत

परदेशचें संगीत ऐकण्याची युरोपची हौस जुनी आहे. ऐकण्याची रीत मात्र फार दिवस जत्रेची होती. १८८९ सालीं पॅरिस येथें भरलेल्या विश्वप्रदर्शनांत जावा बेटांतील एक खेडेंच्या खेडें उभारण्यांत आलें होतें. तेथें गामेलान नांवाचा वाद्यवृंद वाजे आणि दरबारी शिक्षण घेतलेल्या नर्तिका नाचत. लोक येत, घटकाभर थबकत आणि पुढच्या नवलाकडे वळत. त्या गर्दींत द्युबुसी नांवाचा एक तरुण फ्रेंच संगीतकार होता. त्यानें तें वादन मन लावून ऐकलें, आणि त्या ध्वनींची छाया त्याच्या पुढील रचनांवर पडली. पण असा श्रोता लाखांत एखादा! बडोद्याचे इनायत खाँ १९१० सालीं अमेरिकेस गेले, तेव्हां त्यांनाहि रूथ सेंट डेनिस ह्या नर्तकीच्या कार्यक्रमांत साथीला बसावें लागलें. पूर्वेकडचें संगीत म्हणजे देखाव्याचें एक अंग, एवढीच त्याची किंमत होती.

ही जत्रेची रीत मोडण्याचें काम कोणा सरकारनें हातीं घेतलें नाहीं, कीं कोणा बड्या नाट्यगृहानें घेतलें नाहीं. त्याचा बराचसा वांटा लंडनच्या उत्तरेकडील फिंचले ह्या उपनगरांतील एका कुटुंबाकडे जातो. घराचे मालक अय्यन देव अंगडी हे कर्नाटकांतील जकनूर गांवचे. १९२४ सालीं ते उच्च शिक्षणासाठीं विलायतेस आले. घरच्यांची अपेक्षा अशी कीं, मुलानें सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा देऊन साहेबी थाटांत परत यावें. मुलगा राजकारणांत पडला, भारताच्या स्वातंत्र्यासाठीं व्याख्यानें देत फिरला, आणि परतीची वाट विसरून गेला. १९४३ सालीं त्यांनीं पॅट्रिशिया फेल-क्लार्क ह्या चित्रकार बाईंशीं विवाह केला. बाई सधन इंग्रज घराण्यांतल्या. माहेरास हा संबंध रुचला नाहीं, हें सांगावयास नकोच. ह्या दांपत्यानें १९४६ सालीं 'एशियन म्युझिक सर्कल' नांवाचें मंडळ काढलें.

मंडळाचें कार्य वरवर पाहतां साधें होतें. आशियांतील गायक, वादक व नर्तक यांना लंडनमध्यें श्रोते मिळवून द्यावयाचे आणि श्रोत्यांना ती कला समजावून द्यावयाची. पाहुण्या कलावंतांची ऊठबस अंगडींच्या घरीं होई. अभ्यासाचे वर्गहि भरत. पुण्याचे योगाचार्य बी. के. एस्. अय्यंगार यांच्या लंडनमधील योगवर्गांनासुद्धां १९६० नंतरच्या वर्षांत ह्याच मंडळाचा आधार मिळाला. संगीत-मंडळानें आसनें शिकवावीं ही गोष्ट आज गमतीची वाटेल. परंतु ह्या दोघांना जोडणारा दुवा एकच होता, आणि तो म्हणजे व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन. १९५२ सालीं मेन्युहिन भारतांत आला असतां त्याची अय्यंगारांशीं गांठ पडली आणि भारतीय संगीताचेंहि त्याला वेड लागलें. पुढें तो ह्या मंडळाचा अध्यक्ष झाला.

मेन्युहिनच्याच पुढाकारानें १९५५ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कला-संग्रहालयांत अल्लि अकबर खाँ यांचें सरोद आणि शांता राव यांचें भरतनाट्य झालें. तबल्यावर चतुरलाल होते. त्या वेळीं निघालेल्या तबकडीच्या आरंभीं मेन्युहिननें स्वतः बोलून वाद्यांची ओळख करून दिली आहे. १९५६ सालीं रविशंकरांनीं आकाशवाणीची नोकरी सोडली आणि चतुरलाल यांनाच बरोबर घेऊन ते लंडनला आले. श्रोते थोडे असत, पण ते ऐकावयास आलेले असत. आलाप म्हणजे मैफलीपूर्वीची खटपट नव्हे, समेवर मान कां हलते, हें त्यांना कोणीतरी शांतपणें सांगावें लागे. पुढें १९६३ सालीं एडिंबरोच्या महोत्सवांत बालसरस्वतींचें नृत्य आणि सुब्बुलक्ष्मींचें गायन झालें, तेव्हां विलायती रसिक कांहींसा तयार झालेला होता. ती तयारी एका दिवसांत झाली नव्हती.

याच सुमारास लंडनमध्यें स्थायिक झालेल्या भारतीय वादकांचाहि एक लहानसा मेळा जमला होता. मुंबईचे केशव साठे तबला वाजवीत. कलकत्त्याचे जॉन मेयर आणि जमेकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनीं 'इंडो-जॅझ' नांवाचा जो प्रयोग केला, त्यांत साठ्यांचा तबला, दिवाण मोतीहार यांची सतार आणि चंद्रहास पैंगणकर यांचा तंबोरा आहे. मराठी माणसानें तीं नांवें मुद्दाम लक्षांत ठेवावीं.

ऑक्टोबर १९६५ मध्यें बीटल्स ह्या जगप्रसिद्ध चौकडीपैकीं जॉर्ज हॅरिसन ध्वनिमुद्रण करीत असतां त्याच्या सतारीची तार तुटली. चौकशी करतां अंगडींच्या मंडळाचें नांव पुढें आलें. अंगडी कुटुंब तार घेऊन स्टुडिओंत पोहोंचलें, आणि पॅट्रिशिया बाईंनीं तेथेंच बसून त्या मंडळींचीं रेखाचित्रें काढलीं. एका तुटक्या तारेनें हा संबंध जुळला. दुसऱ्या वर्षीं हॅरिसनच्या एका गाण्यासाठीं तबला वाजविण्यास अंगडींनीं अनिल भागवत यांना पाठविलें. तबकडीच्या वेष्टनावर त्यांचें नांव छापलें गेलें. जून १९६६ मध्यें हॅरिसन व रविशंकर यांची भेट झाली, तीहि अंगडींच्याच घरीं, जेवणाच्या निमित्तानें. सप्टेंबरांत हॅरिसन सतार शिकण्यासाठीं मुंबईस ताजमहाल हॉटेलांत येऊन राहिला. पण तो आल्याची वार्ता फुटली, रस्त्यावर गर्दी लोटली, आणि गुरुशिष्यांना काश्मीर गांठावें लागलें.

मार्च १९६७ मध्यें हॅरिसननें आणखी एक गाणें मुद्रित केलें. त्यांत दिलरुबा, तबला, तंबोरा व स्वरमंडळ हीं वाद्यें मंडळाच्या वादकांनीं वाजविलीं. मागाहून त्यांवर आठ व्हायोलिन व तीन चेलो यांची भर घालण्यांत आली. त्या इंग्रज वादकांना दिलरुब्याची मींड व्हायोलिनवर उतरवितांना पुष्कळ श्रम पडले. स्वरांवरून स्वतंत्र उड्या घेण्याची संवय असलेल्या बोटांना दोन स्वरांमधली वाट चालून जावयाची होती! अशा वेळीं कोण कोणाचा गुरु झाला तें उघड आहे. तबकडी जगभर खपली. तिच्या वेष्टनावर कागदी चेहऱ्यांची मोठी गर्दी आहे. तींत चार भारतीय योग्यांचींहि चित्रें आहेत. ज्यांनीं प्रत्यक्ष वाजविलें त्यांचें नांव मात्र कोठेंच नाहीं. सबंध मंडळाच्या नांवाखालीं ते झांकले गेले. बालसरस्वती किंवा रविशंकर यांना अंगडींच्या मंडळानें नांवानिशीं लोकांसमोर उभें केलें होतें. जत्रेपासून संगीत सोडविण्याचा अर्थच तो होता. आणि त्याच मंडळाच्या घरच्या वादकांवर, त्यांची कला घरोघर पोहोंचली त्याच क्षणीं, पॅरिसमधल्या जावानी वादकांसारखें अनाम राहण्याची पाळी आली.

अंगडींच्या मंडळालाहि ह्या यशाचा फायदा झाला नाहीं. सतार आतां मोठमोठ्या रंगमंचांवर गेली. फिंचलेच्या घराची गरज उरली नाहीं, आणि १९७० च्या सुमारास मंडळ बंद पडलें. पुढच्याच वर्षीं १ ऑगस्ट रोजीं न्यूयॉर्क येथें बांगला देशाच्या साहाय्यार्थ जो प्रचंड जलसा झाला, त्यांत रविशंकर व अल्लि अकबर यांनीं वाद्यें जुळवून घेतलीं, तोंच श्रोत्यांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. नुसतें जुळविणें एवढें आवडलें, तर वादनहि आवडेल अशी आशा आहे, असें रविशंकर हंसून म्हणाले.

त्या १९६७ च्या तबकडीवरील वादकांचा शोध पुढें घेतला गेला, आणि २०१७ सालीं, म्हणजे पन्नास वर्षांनीं, त्यांचीं नांवें प्रसिद्ध झालीं: दिलरुब्यावर अण्णा जोशी व अमृत गज्जर, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा, आणि तबल्यावर नटवर सोनी.