राजाचे फर्मान आणि संसदेचा कायदा

फ्रान्सचा चौदावा लुई १६४३ ते १७१५ अशी ७२ वर्षे सिंहासनावर होता. राजसत्ता ईश्वरदत्त आहे, अशी त्याची धारणा होती. तेथील राष्ट्रीय प्रतिनिधिसभा १६१४ नंतर थेट १७८९ मध्येच भरली. प्रॉटेस्टंट प्रजेला १५९८ मध्ये मिळालेले उपासनास्वातंत्र्य या कॅथलिक राजाने १६८५ मध्ये एका फर्मानाने हिरावून घेतले, तेव्हा त्याला अडवू शकेल अशी संस्था उरली नव्हती. सुमारे २ लाख माणसांनी देशत्याग केला.

इंग्लंडमध्ये १६८९ च्या हक्कांच्या सनदेने संसदेच्या संमतीविना कर बसविणे वा कायदा स्थगित करणे राजाला निषिद्ध ठरविले. मात्र त्याच सनदेने कॅथलिकांना सिंहासन नाकारले. संसदेचे दारही त्यांना बंदच राहिले. अन्याय दोन्हीकडे होता: एकीकडे राजाचा, दुसरीकडे बहुमताचा.

भेद होता तो उपायात. आयर्लंडच्या डॅनियल ओकॉनेल यांनी शस्त्र न उचलता कॅथलिकांना संघटित केले आणि १८२९ मध्ये संसदेनेच ते दार उघडले. १४० वर्षांची ही प्रतीक्षा थोडी नव्हे. तरीही सनदशीर राज्याचे मोल त्याच्या निर्दोषपणात नसून दोष दुरुस्त करण्याचा मार्ग खुला ठेवण्यात आहे, हेच ती शिकविते.